दार वाजवलं तर उघडणार कोण?

प्रश्न: आमची इमारत निव्वळ राहत्या वस्तीतली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर बावीस वर्षं राहतोय. दोन वर्षांपूर्वी समोरचं घर एका गृहस्थांनी विकत घेतलं, पण ते स्वतः तिथे एक रात्रही राहिलेले नाहीत. दाराला आकड्यांचं कुलूप आहे आणि एअरबीएनबीसारख्या, रात्रीच्या हिशेबानं घरं भाड्यानं देणाऱ्या साइटवरून दर दोन-तीन दिवसांनी नवी माणसं येतात. कोण कुठली माणसं, काही पत्ता नसतो. रात्री एक वाजता चाकांच्या बॅगा जिन्यावरून धडधडत जातात, चुकून आमचीच बेल वाजते, सकाळी दारात कचऱ्याच्या पिशव्या. मालकांना फोन केला की दुसऱ्या दिवशी ‘बघतो’ असा मेसेज येतो. आता पालिकेनं अशा घरांसाठी नियमांचा मसुदा काढलाय, वर्षाला ९० रात्रींची मर्यादा घातलीय आणि हरकती-सूचनांना तीस दिवस दिलेत. इमारतीतल्या लोकांनी ‘सरसकट बंदी घाला, म्हणजे शांतताही मिळेल आणि वस्तीतली भाडीही उतरतील’ असं निवेदन तयार केलंय. सगळ्यांच्या सह्या झाल्या, माझीच राहिली आहे. कारण माझी धाकटी जाऊ तळमजल्यावर राहते. दीर गेल्यापासून ती मागची खोली त्याच साइटवर देते, घर त्यावर चालतं. ती एवढंच म्हणाली, “ताई, तुमची सही म्हणजे माझ्या पोटावर पाय.” आता सही करू की नको?

उत्तर: करू नका. त्या निवेदनावर तरी नको. स्वतःची वेगळी हरकत लिहा, आणि ती लिहिताना समोरचं घर आणि जावेची खोली यांना एका नावानं हाक मारू नका. तुम्ही मसुद्याचं जे सांगता त्यावरून पालिकेनं नेमकी तीच गल्लत केलेली दिसते, आणि तुमच्या इमारतीचं निवेदन तीच गल्लत आणखी मोठ्या आवाजात करतं आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. मी काही वर्षं हरकतींच्या फायली वाचण्याचं काम केलंय. चाळीस सह्यांचं निवेदन आलं की ते ‘बंदीची मागणी’ या एका रकान्यात जातं आणि समोर ‘नोंद घेतली’ असा शेरा पडतो. पण कुणी मसुद्यातल्या कलमाचा क्रमांक घालून ‘इथे हा शब्द काढा, हा घाला, कारण असं’ म्हणून लिहिलं, तर ते पत्र बाजूला काढावं लागतं, कारण ते का मान्य केलं किंवा का नाही हे कुणाला तरी लिहावंच लागतं. तेव्हा संख्येत फार अडकू नका.

आता मूळ मुद्दा. समोरचे गृहस्थ आणि तुमची जाऊ एकाच साइटवर आहेत, एवढंच त्यांच्यात साम्य. जाऊ राहत्या घरातली एक खोली देते. पाहुणा आला म्हणून शहरातलं राहतं घर कमी होत नाही, आणि रात्री गोंधळ झालाच तर पहिली झोप तिची मोडते. समोर मात्र घराचं लॉज झालंय, फक्त काउंटरवर माणूस नाही. माझी एक गावठी कसोटी आहे: रात्री दोन वाजता दार वाजवलं तर उघडणार कोण? जावेकडे जाऊ उघडेल. समोर कुणीतरी पाहुणा उघडेल, जो परवा गेलेला असेल. तुमच्या पत्रातल्या जवळपास सगळ्या तक्रारी या एका फरकातून निघतात.

हे माझं एकट्याचं शहाणपण नाही. बऱ्याच शहरांनी धडपडत, कोर्टकचेऱ्या करत शेवटी हीच रेष ओढली. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकानं २०१५मध्ये ठरवलं, की मालक पाहुण्यासोबत त्याच घरात राहत असेल तर खोली देता येईल, पण अख्खं घर महिन्याभराच्या आतल्या मुदतीनं देता येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३पासून ३० दिवसांच्या आतल्या भाड्याला नोंदणी सक्तीची झाली. यजमान मुक्कामभर घरात हवा आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं मे २०२४पासून मोठ्या गावांना जो नियम लावला त्यात यजमानाचं मुख्य राहतं घर आणि त्याच आवारातला आणखी एक स्वतंत्र भाग चालतो, पलीकडचं चालत नाही. तपशील निराळे, पण प्रश्न एकच विचारलेला: इथे राहतं कोण?

हा प्रश्न कायद्यात मात्र जपून लिहावा लागतो. न्यू ऑर्लिन्सनं राहत्या वस्तीतला परवाना फक्त त्या जागी राहणाऱ्या मालकालाच द्यायचा असं ठरवलं, तर ऑगस्ट २०२२मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयानं ती अट उडवून लावली. बाहेरच्या राज्यातल्या मालकांना ती डावलते, म्हणून. मग २०२३मध्ये शहरानं शब्द बदलले. मालक कुणीही, कुठलाही असो, घर चालवणारा माणूस त्या जागेवर राहता हवा, आणि राहत्या भागात साधारणपणे चारही बाजूंनी रस्ते असलेल्या घरांच्या एका चौकोनात एकच परवाना. अर्ज जास्त आले तर सोडत. तुमच्या इथला कायदा वेगळा असेल, पण धडा घेण्यासारखा आहे. हरकतीत ‘बाहेरचे गुंतवणूकदार नकोत’ असं लिहू नका. ‘मुक्कामी जबाबदार माणूस हवा’ असं लिहा. पहिलं वाक्य रागाचं आहे, दुसरं तपासता येतं.

आणि हो, ‘कोण कुठली माणसं’ हेही लिहू नका. तुमची धास्ती खोटी आहे असं मी म्हणत नाही. सारखे नवे चेहरे जिन्यात दिसले की घर आपलं वाटेनासं होतं, हे खरं आहे. पण पाहुणा कुठून आला, कोणती भाषा बोलतो, कसे कपडे घालतो याचा नियमांशी संबंध नसतो आणि नसावा. तुमच्या निवेदनात असा एखादा शेरा असेल तर तो वाचणाऱ्याला बाकीचं सगळंच पूर्वग्रहाचं वाटेल. बॅगांचा आवाज, चुकीची बेल, कचरा, फोन न उचलणारा मालक हे लिहा. ते भरपूर आहे.

आता त्या ९० रात्रींकडे येऊ. इमारतीतल्या लोकांना हा आकडा ऐकून बरं वाटलं असेल. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातले ९० म्हणजे जेमतेम पाव. पण जरा बोटांवर मोजा. वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याला शुक्रवार आणि शनिवार अशा दोन रात्री धरल्या तर होतात १०४. म्हणजे समोरच्या गृहस्थांनी मसुद्याचा अक्षरशः मान राखला, तरी वर्षातले बहुतेक सगळे शनिवार-रविवार तुमच्या जिन्यात बॅगा धडधडणारच. गोंधळ होतो तो त्याच रात्री, आणि चढं भाडं मिळतं तेही त्याच रात्री. उलट तुमच्या जावेची खोली एकट्यादुकट्या कामाच्या माणसाला आठवडाभरही जात असेल. तिला ९० रात्रींत बसवलं तर तिचं उत्पन्न थेट पावभर होण्याची भीती. म्हणजे ज्याला आवरायचं त्याला मलई ठेवली, आणि जिचा त्रास नाही तिचं ताट ओढलं. मसुदा लिहिणाऱ्यांच्या हे लक्षात आलं नसेल असं मला वाटतं. तुम्ही ते आणून द्या.

रात्रींची मर्यादा कशासाठी असते, हे समजून घेतलं की हा गोंधळ सुटतो. ती शांततेसाठी नसते. घर वर्षभर एखाद्या कुटुंबाला भाड्यानं देण्यापेक्षा रात्रीवर देणं फार फायद्याचं होऊ नये, म्हणून ती असते. सॅन फ्रान्सिस्कोत हे फार स्वच्छ दिसतं. तिथे यजमानानं वर्षाला निदान २७५ रात्री स्वतः त्या घरात राहायला हवं, आणि तो नसताना घर जास्तीत जास्त ९० रात्री देता येतं. २७५ आणि ९०ची बेरीज करून पाहा. तो स्वतः घरात असताना दिलेल्या खोलीवर रात्रींचं बंधन नाही. म्हणजे त्यांचा ९० हा आकडा ‘आम्ही सुट्टीला गेलो तेव्हा घर दिलं’ या माणसासाठी आहे. ज्या घरात कुणी राहतच नाही त्याला हा आकडा लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा उसना घेणं.

आणि लावला तरी मोजणार कोण? लंडनमध्ये २०१५च्या कायद्यानं वर्षाला ९० रात्रींपर्यंत परवानगीशिवाय घर देता येऊ लागलं, पण सोबत नोंदणीच नव्हती. एअरबीएनबीनं २०१७पासून आपल्या साइटवर ९० रात्रींनंतर कुलूप घातलं. ठीक. पण तेच घर दुसऱ्या साइटवर गेलं की मोजणी पुन्हा शून्यापासून. दोन साइटींचे आकडे एकत्र करायला कुणी बसलेलंच नाही. पालिकेच्या माणसानं मग काय करायचं? जिन्यात उभं राहून बॅगा मोजायच्या? ॲमस्टरडॅम या बाबतीत कडक निघालं. २०१९मध्ये तिथे मर्यादा ३० रात्रींवर आणली, एका वेळी जास्तीत जास्त चार पाहुणे, आणि प्रत्येक मुक्काम सुरू होण्याआधी शहराला कळवायचा. कळवलेलं आणि प्रत्यक्ष सापडलेलं जुळलं नाही की तिथेच दंड. म्हणजे मोजायचं ओझं मालकावर आणि तपासायचं शहरावर.

माझ्या मते मसुद्यात सगळ्यात जास्त जीव कुठे ओतायला हवा, तर नोंदणी क्रमांकात. हे ऐकायला कारकुनी वाटतं, मला ठाऊक आहे. बंदी म्हटलं की छाती फुगते, नोंदणी म्हटलं की जांभई येते. पण जिथे जिथे खरोखर फरक पडला, तिथे तो या कारकुनीनं पडला. पद्धत साधी आहे. प्रत्येक यजमानानं पालिकेकडून क्रमांक घ्यायचा, तो जाहिरातीत छापायचा, आणि क्रमांक नसलेल्या घराचं बुकिंग साइटनं घ्यायचंच नाही. या तीनपैकी तिसरा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. पहिले दोन असूनही तो नसला तर सगळं मालकांच्या सद्‌बुद्धीवर राहतं.

सॅन फ्रान्सिस्कोत नोंदणी आधीपासून होती, पण बरेच जण फिरकलेच नव्हते. मोठ्या साइटींशी २०१७मध्ये तडजोड झाली आणि २०१८च्या सुरुवातीला त्यांनी बिनक्रमांकाची घरं उतरवली, तेव्हा एअरबीएनबीवरच्या तिथल्या जाहिराती जवळपास निम्म्यावर आल्या. जपाननं १५ जून २०१८पासून वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आणि क्रमांक दाखवण्याची सक्ती आणली, तेव्हा त्या तारखेच्या आधीच एअरबीएनबीनं देशातली सुमारे ऐंशी टक्के घरं साइटवरून काढली. पॅरिसमध्ये हजारावर घरं क्रमांकाविना झळकत राहिली म्हणून न्यायालयानं जुलै २०२१मध्ये त्याच कंपनीला ८० लाख युरोंहून जास्त दंड केला. यातल्या एकाही ठिकाणी निरीक्षकाला दारोदार फिरून हे साधता आलं नसतं.

साइटी अर्थातच कुरकुरतात. आम्ही फक्त फलक लावायला जागा देतो, फलकावर काय लिहिलंय त्याला आम्ही कसे जबाबदार, असा त्यांचा युक्तिवाद. सँटा मोनिकाच्या खटल्यात २०१९मध्ये अपील न्यायालयानं त्यावर जे म्हटलं ते मला फार आवडतं. शहर तुम्हाला जाहिरात काढायला सांगतच नाही, पैसे घेऊन बेकायदा घराचं बुकिंग करू नका एवढंच सांगतंय. फलक राहू दे, गल्ला बंद. युरोपीय संघानं तर यासाठी सगळ्या सदस्य देशांना समान नियम केलाय. २०२४मध्ये मंजूर झालेला हा नियम २० मे २०२६पासून लागू आहे. जिथे नोंदणी आहे तिथे साइटींनी क्रमांक दाखवायचा, अधूनमधून पडताळायचा आणि कोणत्या घरात किती रात्री गेल्या ही माहिती दर महिन्याला सरकारी यंत्रणेला द्यायची. लंडनमधला दोन साइटींचा घोळ अशा मोजणीतच संपतो.

क्रमांकाचा तुम्हाला घरबसल्याही उपयोग आहे. बार्सिलोनात घराला परवाना आहे की नाही हे शेजाऱ्याला शहराच्या संकेतस्थळावर बघता येतं. तुमच्या मसुद्यात नोंदवही लोकांसाठी खुली ठेवण्याची तरतूद आहे का, पाहा. नसेल तर मागा. मालकाचा खासगी पत्ता-फोन उघड करायची गरज नाही. इमारत, क्रमांक, परवान्याचा प्रकार, आणि तक्रारीसाठी एक दूरध्वनी, एवढं बस.

तो दूरध्वनी म्हणजे तुमच्या झोपेचा मुद्दा. आवाज आणि कचऱ्याचा बंदोबस्त रात्रींच्या मर्यादेनं होत नाही, तो होतो जबाबदार माणसानं. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांच्या नियमांत एक अट असते: परवाना घेताना जवळपास राहणाऱ्या एका माणसाचं नाव द्यायचं, जो चोवीस तास फोन उचलेल आणि ठरलेल्या वेळात, कुठे अर्ध्या तासात, कुठे तासाभरात, काहीतरी करेल. ‘दुसऱ्या दिवशी बघतो’ हे मग निव्वळ उद्धट उत्तर न राहता परवान्याचा भंग ठरतं. अशा दोन-तीन सिद्ध झालेल्या तक्रारींनंतर परवाना स्थगित, असंही मागा. मात्र ‘सिद्ध झालेल्या’ हा शब्द गाळू नका. नाहीतर उद्या कुणी जावेशी भांडलेला शेजारी रोज एक तक्रार टाकून तिची खोली बंद पाडेल. नियम आपल्या शत्रूच्या हातात कसा दिसेल, हे एकदा पाहून घ्यावं.

तोवर एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय झालं, कुणाला कळवलं, उत्तर कधी आलं. विशेषणं नकोत. पाहुण्यांचे फोटो काढू नका, त्यांच्याशी जिन्यात हुज्जत घालू नका. त्यांनी पैसे भरून राहण्याची जागा घेतलीय, तुमच्या इमारतीचं राजकारण त्यांना माहीत नाही. कचऱ्याचा फोटो चालेल.

आता निवेदनातल्या दुसऱ्या दाव्याबद्दल. बंदी आली की भाडी उतरतील. मी तुमच्या जागी असतो तर हे वाक्य लिहिलं नसतं. अशा घरांमुळे भाडी चढतात हे खरं आहे, त्यावर चांगला अभ्यास आहे. बॅरन, कुंग आणि प्रोसेर्पिओ या तीन संशोधकांनी अमेरिकाभरची माहिती घेऊन दाखवलं, की एखाद्या भागात एअरबीएनबीच्या जाहिराती १ टक्क्यानं वाढल्या तर तिथली भाडी ०.०१८ टक्क्यानं आणि घरांच्या किमती ०.०२६ टक्क्यानं वाढतात. एका टक्क्याच्या हिशेबानं हे नगण्य. पण जाहिराती वर्षामागून वर्षं दुप्पट होत गेल्या तर ते नगण्य राहत नाही, आणि मोक्याच्या दोन-चार गल्ल्यांत तर मुळीच नाही. शिवाय ज्या भागात मालक स्वतः राहण्याचं प्रमाण जास्त, तिथे हा परिणाम कमी दिसला. म्हणजे पुन्हा तीच रेष. पण चढतात म्हणजे बंदीनं उतरतीलच असं नाही. न्यूयॉर्कनं एवढा कडक नियम लावूनही भाडी काही कोसळली नाहीत. शहरात घरं कमी आहेत त्याची कारणं आणखीही असतात. अधिकाऱ्याला हे माहीत असतं, आणि ज्या पत्रात एक दावा फुगवलेला सापडतो त्यातले बाकीचेही तो पोकळच समजतो.

बंदी मुळात चुकीचीच असं माझं म्हणणं नाही. बार्सिलोनानं आधी नवे परवाने थांबवले, मग जून २०२४मध्ये महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जाहीर केलं, की पर्यटकांसाठी असलेल्या १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८नंतर पुढे चालू ठेवायचे नाहीत. घरांची टंचाई हे परवाना सक्तीचा करायला पुरेसं सार्वजनिक कारण आहे, हे युरोपीय न्यायालयानं पॅरिसच्या प्रकरणात २२ सप्टेंबर २०२०लाच मान्य केलं होतं. पण बार्सिलोनापाशी परवान्यांची यादी होती, म्हणून तो आकडा शेवटच्या एकापर्यंत सांगता आला. तुमच्या पालिकेला आज विचारा, शहरात अशी घरं किती? ज्यांच्याकडे मोजदाद नाही त्यांनी बंदी घातली तर ती घरं नाहीशी होत नाहीत, साइटवरून उतरून फोनवरच्या ओळखीपाळखीत जातात. तिथे ना क्रमांक, ना दूरध्वनी.

समोरचे गृहस्थ एक युक्तिवाद नक्की करतील: मी घर घेतलं तेव्हा नियम नव्हता. तो अगदीच फेकण्यासारखा नाही. कर्ज काढलं असेल, पुढची बुकिंगं घेतली असतील. त्यांना वर्ष-दीड वर्षाची ठरलेली मुदत द्यावी असं मला वाटतं, ज्यात ते घर दीर्घ मुदतीनं भाड्यानं देऊ शकतील किंवा विकू शकतील. पण ‘आधीचे ते कायमचे माफ’ हे कलम मसुद्यात असेल तर जोरात हरकत घ्या. अशा सवलतीनं आजच्या परवान्याला उद्या किंमत येते, आणि घर विकलं की सवलतही सोबत विकली जाते. निदान परवाना माणसाला द्या, घराला नको, आणि मालक बदलला की संपू द्या.

इमारतीची स्वतःची नियमावली काढून वाचलीत का? पालिकेची वाट न पाहता तिथेच काही सापडू शकतं. ‘फक्त निवासी वापर’ हे शब्द पुष्कळ ठिकाणी असतात, त्यांचा अर्थ काय घ्यायचा यावर मात्र वाद होतात, तेव्हा एखाद्या जाणकार वकिलाला दाखवा. फ्रान्सनं नोव्हेंबर २०२४च्या कायद्यात हे सोपं केलं. मुख्यत्वे राहण्यासाठी असलेल्या इमारतींत दुसऱ्या घरांचा असा पर्यटकी वापर सहमालक दोन तृतीयांश मतांनी बंद करू शकतात, आधी यासाठी सगळ्यांची संमती लागायची. त्यातही बंदी ‘दुसऱ्या घरांवर’ आहे, मुख्य राहत्या घरावर नाही, हे पाहून ठेवा. इमारतीच्या बैठकीत उपयोगी पडेल.

राहता राहिली जाऊ. तिला आधी सांगा, मग पत्र पाठवा. उलटं करू नका. आणि तिच्याशी बोलताना ‘तुला काही होणार नाही’ असा धीर देऊ नका, कारण तसं नाही. चांगला नियम आला तरी तिला काम पडेल. नोंदणी करावी लागेल, ती तिथेच राहते याचे कागद द्यावे लागतील, धुराची सूचना देणारं यंत्र आणि आग विझवायचं साधन बसवावं लागेल, मिळकत करखात्याला दाखवावी लागेल. जमलं तर नोंदणी सुरू होईल त्या आठवड्यात अर्ज भरायला तिच्याबरोबर तुम्हीच जा. तळमजल्याच्या मागच्या खोलीला बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हेही एकदा बघा, नियमासाठी म्हणून नव्हे, तसंही बघायला हवं होतं. तुमच्या हरकतीत एक ओळ स्वतःहून टाका, की माझी नातलग राहत्या घरातली एक खोली देते. लपवलंत आणि सुनावणीत कुणी बोललं, तर तुमचं बाकीचं सगळं खरं असून खोटं पडेल. सांगितलंत तर उलट वजन वाढेल. दोन्ही बाजूंचं ज्याला भोगावं लागतं असा माणूस हरकतींच्या फायलीत क्वचित सापडतो.

पत्र दीड पानाचं पुरे. सुरुवातीला कलमाचा क्रमांक, मग साधारण असं: ‘मसुद्यात यजमान राहत असलेलं घर आणि कुणीही राहत नसलेलं घर यांना एकच मर्यादा लावली आहे. कृपया त्यांची स्वतंत्र व्याख्या करावी. यजमान मुक्कामी असताना दिलेल्या खोल्यांना रात्रींची मर्यादा नसावी, मात्र खोल्या आणि पाहुणे यांची संख्या ठरवावी. राहत्या वस्तीत, जिथे कुणी राहत नाही असं घर अल्प मुदतीनं देण्यास परवाना नसावा, आणि सध्या चालू असलेल्या घरांना ठरावीक मुदत द्यावी. नोंदणी क्रमांकाशिवाय बुकिंग स्वीकारण्यास साइटींना मनाई असावी आणि त्यांनी रात्रींची माहिती दरमहा पालिकेला द्यावी. चोवीस तास उपलब्ध असलेल्या स्थानिक जबाबदार व्यक्तीचा दूरध्वनी नोंदवहीत खुला असावा.’ खाली तुमच्या वहीतल्या पाच-सहा नोंदी जोडा. आणि ते ५२ आठवड्यांचं गणित नक्की घाला, साहेबांना असली गणितं लक्षात राहतात.

इमारतीतल्या लोकांना काय सांगायचं? त्यांना हे पत्र वाचायला द्या. दोन-चार जण तरी म्हणतील, आम्हालाही हेच हवं होतं, बंदी हा शब्द सोपा म्हणून लिहिला. बाकीचे रुसतील, रुसू द्या.

हरकत कार्यालयात हातानं द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि सुनावणीला बोलावणार असतील तर तसं कळवावं ही ओळ शेवटी घालायला विसरू नका. ती नसली तर पुष्कळदा बोलावत नाहीत. तीस दिवसांतले किती उरलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, तेव्हा आज रात्रीच जावेकडे खाली जाऊन या.